आमची कुठेही शाखा नाही!

‘मूळ दुकान हेच. आमची कुठेही शाखा नाही.’ ही पाटी तुम्ही चिवड्याच्या दुकानावर वाचली असेल, पेढ्यांच्या दुकानावर वाचली असेल. आमच्याकडे तर भांड्यांच्या दुकानावरही वाचायला मिळते. पाटी दिसली की खुशाल समजायचं, मागच्या गल्लीत सख्खा नाहीतर चुलत भाऊ तोच माल विकतोय आणि दोघांचं बोलणं बंद आहे. रॉकच्या दुनियेत ही पाटी सॉलिड जिद्दीने लावून बसलेला माणूस म्हणजे अ‍ॅक्सल रोझ.

ज्यांना स्टोरी पाठ आहे त्यांनी हा पॅरा सोडून द्या. गन्स अँड रोझेस १९८५ ला लॉस एंजलिसमध्ये जमले. १९८७ चा पहिला अल्बम तुफान चालला. १७ सप्टेंबर १९९१ ला ‘यूज युअर इल्युजन’चे दोन भाग एकाच दिवशी बाजारात आले. मग नेहमीचंच. १९९६ ला गिटारवाला स्लॅश बाहेर पडला, पुढच्या वर्षी बेसवाला डफ मॅकेगन. नाव राहिलं अ‍ॅक्सलकडे, आणि तो नवनवीन कारागीर घेऊन दुकान चालवत राहिला. २००८ ला ‘चायनीज डेमॉक्रसी’ आला, तोपर्यंत वाट बघणारे कॉलेजातून पास होऊन ईएमआय भरायला लागले होते. २०१२ मध्ये पुन्हा एकत्र येण्याबद्दल विचारलं, तर साहेब म्हणाले, या जन्मात नाही. एप्रिल २०१६ ला दोघं एका स्टेजवर उभे राहिले आणि त्यांनी टूरला नाव दिलं तेच, ‘नॉट इन धिस लाइफटाइम’! ती टूर २०१९ पर्यंत चालली आणि तिकीटविक्री ५८ कोटी डॉलर्सच्या वर गेली. पैशासाठी केलं, असं नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल तर खुन्नस सोडायला ५८ कोटी डॉलर्स हे काही वाईट कारण नाही, बॉस. लोक याहून फुटकळ कारणांसाठी खुन्नस धरतात.

गंमत बघा, मुंबईच्या वाट्याला हा बँड हप्त्याहप्त्याने आला. डिसेंबर २०१२ मध्ये अ‍ॅक्सल आला, म्हणजे नुसती पाटी. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्लॅश येऊन गेला, आपला वेगळा संच घेऊन, म्हणजे नुसती गिटार. आणि १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर दोघं एकत्र, सोबत डफसुद्धा. या तिसऱ्या हप्त्याला मी मामांना घेऊन गेले.

मामा सोनगीरचे. मुंबई-आग्रा हायवेने धुळं ओलांडलं की विसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. डोक्यावर किल्ला, आणि खाली तांब्या-पितळेची भांडी. लहानपणी सुट्टीत मी आजोळी जायचे तेव्हा सकाळी जाग यायची ती ठोक्यांनी. कोंबडं बिंबडं नाही. ‘बँड’ म्हणजे आमच्याकडे लग्नातला, वरातीपुढे वाजणारा. मुंबईला बँड बघायला चाललोय म्हटल्यावर आजीने विचारलं, ‘कोन्हं लगीन शे?’

अशा गावात हे संगीत कसं पोचलं? तर धुळ्यामार्गे. १९९२ साली मामा आणि त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मोठे मामा, दोघं धुळ्याला आयटीआयला होते. रोज एसटीने जाऊन-येऊन. तेव्हा कॅसेट ‘भरून’ देणारी दुकानं असायची. यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी न्यायची. दोघांनी वर्गणी काढून नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेट भरून घेतल्या. एकीवर ‘इल्युजन’चा पहिला भाग, दुसरीवर दुसरा. इंग्रजी किती कळायचं? मामा म्हणतात, आरतीतले सगळे शब्द तरी कुठे कळतात आपल्याला! कारखान्यात तांबं मठारताना टेप लावलेला असायचा आणि घरातले मोठे लोक त्याला ‘ते बोंबलणं’ म्हणायचे.

२००४ ला वाटणी झाली. भट्टी आणि कारखाना मामांकडे, रस्त्यावरचं दुकान मोठ्या मामांकडे. आजोबांचं नाव दोघांनीही लावलं, पाट्याही दोन्हीकडे लागल्या. आणि कॅसेट? त्याही वाटल्या गेल्या. पहिली इकडे राहिली, दुसरी तिकडे गेली. ‘डोन्ट क्राय’ हे गाणं दोन्ही भागांत आहे. चाल तीच, शब्द वेगळे. तेवढं एक सोडलं तर मामांनी दुसरा भाग त्यानंतर ऐकलेला नाही. ‘अहो, मोबाइलवर फुकट मिळतो,’ मी म्हटलं. म्हणाले, ‘मोबाइलवर नको.’ डेक बंद पडून बरीच वर्षं झाली. तो त्यांनी दुरुस्तही केला नाही आणि टाकूनही दिला नाही.

तर रेसकोर्स. चारी बाजूंनी काळे टी-शर्ट आणि मध्ये मामा, इस्त्रीचा फुल शर्ट, खिशाला पेन. पन्नाशीचा माणूस, मला वाटलं अवघडतील. पण आजूबाजूला त्यांच्याच वयाचे लोक निघाले! पोट सुटलेले, डोक्यावर रुमाल बांधलेले, मुलांना खांद्यावर घेतलेले. आमच्या पिढीचे आम्ही मागच्या मागे उड्या मारत होतो. ही मंडळी उभी होती देवदर्शनाच्या रांगेतल्यासारखी.

आता स्पष्टच लिहिते. अ‍ॅक्सल त्रेसष्ट वर्षांचा होता आणि तो आवाज आता नाही. खालच्या पट्टीत तो अजून खणखणीत आहे, पण वरच्या जागा पातळ होतात, मध्येच विरतात. सीडीवरचा आवाज ऐकायला गेलेल्यांची निराशा होणार. मात्र तो ज्या जागा चुकवायचा, त्या खालून हजारो लोक भरून काढायचे, आणि दोन-चार गाण्यांनंतर ही अ‍ॅडजस्टमेंट सगळ्यांच्या अंगवळणी पडली. मामांचा निकाल अहिराणीतच आला, ‘आवाज बसेल शे त्यान्हा. पन यास नही तो.’ आवाज बसलाय, पण तो बसत नाहीये! जवळजवळ तीन तास हा माणूस स्टेजभर पळत होता, हे खरंच.

ड्रमरवर मात्र मामा खूश. आयझॅक कार्पेंटर त्याच वर्षी मार्चमध्ये बँडमध्ये आला, म्हणजे अगदी नवा गडी. मामांना हे ठाऊक नव्हतं. डोळे मिटून ऐकत म्हणाले, ‘ठोका सरळ पडतो याचा.’ तांबटाकडून याहून मोठं सर्टिफिकेट नाही. तांब्यावर ठोका वाकडा पडला की खूण राहते, आणि फार ठोकलं की तांबं ताठरतं. मग ते पुन्हा भट्टीत तापवून मऊ करावं लागतं. हे सगळं मला ‘नोव्हेंबर रेन’ सुरू व्हायच्या आधी, कानाशी ओरडून सांगण्यात आलं.

‘नोव्हेंबर रेन’ला अ‍ॅक्सल पियानोवर बसला आणि स्लॅशने सोलो घेतला. त्या उंच टोपीखाली स्लॅशचा चेहरा कधी दिसत नाही, पण हात दिसतात. मी मोबाइल वर धरला होता. मामांनी धरला नव्हता. ते पडद्याकडेही बघत नव्हते, थेट स्टेजकडे बघत होते, तिथून माणसं काडेपेटीएवढी दिसत असताना. मला वाटलं, भारावलेत. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘हे दोघं एकमेकांशी बोलले का गं? तू पाह्यलं?’

मग मीही तेच बघायला लागले. खरं सांगू? फारसे नाही. स्लॅश त्याच्या बाजूला, अ‍ॅक्सल मनाला येईल तिकडे. गळ्यात गळे नाहीत. पण एकाचा सूर सुटायच्या आत दुसऱ्याची गिटार तिथे हजर असायची. ‘पॅराडाइज सिटी’ने शेवट झाला. मामा म्हणाले, ‘काम करतात नीट.’

आपल्याकडे रियुनियन झालंच नाही असं नाही. मुंबईचा रॉक मशीन, १९८४ चा, नव्वदीत नाव बदलून इंडस क्रीड झाला. १९९७ ला फुटला, २०१० ला उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बलापोरिया पुन्हा एकत्र आले आणि २०१२ ला नवा अल्बमही काढला. नवी गाणी घेऊन परतणारे मला जास्त आवडतात. पण त्यांची कॅसेट सोनगीरला पोचली नव्हती, त्याला मामा काय करणार.

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवायला गेले. रात्रभर डोक्यात काहीतरी चाललेलं असावं, कारण खिडकीशी बसल्या बसल्या विचारलं, ‘आणि तो तिसरा? कॅसेटच्या कागदावर नाव होतं त्याचं. इझी?’

इझी स्ट्रॅडलिन, जुना गिटारवाला. शाळेपासूनचा अ‍ॅक्सलचा मित्र. तो १९९१ लाच बाहेर पडला होता आणि २०१६ च्या रियुनियनमध्येही तो नाही. पैशाची सारखी वाटणी करायला हे तयार नव्हते म्हणून तो आला नाही, असं त्या वेळी छापून आलं होतं. मी तसं सांगितलं.

‘वाटणी’ म्हटल्यावर पुढचं समजावायची गरज पडली नाही. मामा बराच वेळ फलाटावरच्या वडेवाल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पन त्याले कोनी घर जाईसन इचारं का? का फोनवरच?’

गाडी सुटली. रात्री मेसेज आला, पोचलो म्हणून. खाली आणखी एक ओळ होती. डेकचा रबरी बेल्ट धुळ्यात मिळत नाही, मुंबईत कुठे मिळतो ते बघून ठेव.