अंधार कोणाच्या मालकीचा?

देवयानी दीर्घिका हा खगोलशास्त्रज्ञांच्या नित्य परिचयाचा विषय. तरीही आकाशात तिच्या शेजारी पसरलेला, आयनित प्राणवायूच्या मंद प्रकाशाचा विशाल कंस 2022 साली प्रथम टिपला तो यान सँती, मार्सेल ड्रेक्सलर व झेवियर स्ट्रॉटनर या हौशी निरीक्षकांनी. दुर्बीण अवघी 106 मिलिमीटरची. परंतु अनेक रात्री मिळून शंभराहून अधिक तास प्रकाश साठविला गेला होता.

या यशाचे मर्म चिकाटीइतकेच प्रकाशगाळणीत आहे. तेजोमेघांतील असा प्राणवायू 500.7, तर हायड्रोजन 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. तेवढीच चिंचोळी पट्टी आत घेतली, की शहरी दिव्यांचा बहुतांश उजेड बाहेर राहतो.

मग दिवे कितीही वाढले तरी बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद फसवा आहे. नळाचे पाणी गढूळ झाले असता ऐपतदाराने घरी शुद्धीकरण यंत्र बसवावे, तशीच ही गाळणी. तिने छायाचित्र साधते. गच्चीवरच्या मुलाला आकाशगंगा दिसत नाही. अंधार ही सार्वजनिक संपत्ती असून तिची नासाडी करणाऱ्यास किंमत मोजावी लागत नाही, हेच खरे दुखणे.

दिव्यांवर झाकण, प्रकाशाचा रोख जमिनीकडे, मध्यरात्रीनंतर तो मंद, एवढ्याने पुष्कळ साधेल. विजेचीही बचत होईल. 2024 साली महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ होण्याचा मान मिळाला. अरण्यात जे जमले, ते नगरपालिकांनी निदान शाळांच्या परिसरात करून दाखवावे.