नववीच्या उंबरठ्यावरचा उन्हाळा

आठवीचा निकाल हाती आला म्हणजे समाधान मानण्याची आपल्या घरांतून रीत आहे. पोराने आठवी ओलांडली, आता दोन महिने मोकळे, पुढचे शाळा उघडल्यावर पाहू, असे म्हणून आईबाप कामास लागतात. ह्या समाधानाच्या आड एक गोष्ट नजरेआड होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला व अनुच्छेद २१-क मध्ये त्यास स्थान मिळाले; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्यास आकार दिला. परंतु तो हक्क सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकाचा आहे, आणि त्याची हद्द आठवीपर्यंत आहे. नववीचा वर्ग त्या हद्दीपलीकडे पडतो. आठवीपर्यंत मुलास शाळेत आणणे हे सरकारचे कर्तव्य. नववीपासून शाळा शोधणे, अंतर तोडणे आणि विषय निवडणे हे आईबापांचे काम. सरकारच्या सवलती आहेत व त्या घ्याव्यातच. पण सवलत आणि हक्क ह्यांत जो भेद आहे, तो आपल्या समाजास नव्याने शिकवावा लागू नये.

ह्यांतल्या शेवटच्या कामाविषयी, म्हणजे विषय निवडण्याविषयी, मला लिहावयाचे आहे. नववीत काही विषय सक्तीचे असतात व काही ऐच्छिक. ऐच्छिक ह्या शब्दात इच्छा आहे. ती कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत माध्यमिक शाळा नववीपासून चार वर्षांची असते. तेथील पुष्कळ शाळांतून नववीत जाणारी मुले आधीच्याच उन्हाळ्यात एखादा ऐच्छिक विषय पुरा करून टाकतात, म्हणजे वर्षाच्या वेळापत्रकात आवडीच्या दुसऱ्या विषयास जागा होते. आपल्या जंगलपट्टीतल्या पालकास हे ऐकून हसू येईल. परंतु नागपूर-पुण्याच्या सुखवस्तू घरांतून हेच निराळ्या रीतीने चालते. तेथे शिकवणीच्या वर्गांतून नववीचे गणित एप्रिल-मेमध्येच सुरू होते आणि कोणती भाषा घ्यावी, कोणती सोडावी, ह्याची चर्चा जेवणाच्या पाटावर होते. भामरागड वा जिवतीचे मूल जून संपता संपता वर्गात जाऊन बसते तेव्हा ते दोन महिने मागे असते. आणि आपण मागे आहोत हेही त्यास ठाऊक नसते.

न कळता केलेल्या निवडीची किंमत काय असते, ह्याचे उदाहरण फार जुने नाही. आपल्या राज्यात काही वर्षे नववी-दहावीस बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेण्याची मुभा होती. ज्या मुलास गणिताची भीती वाटते त्याची वाट अडू नये, हा हेतू चांगला होता. परंतु सामान्य गणित घेतलेल्या मुलास अकरावीस विज्ञान शाखेचे दार बंद होते. ज्याच्या घरात कोणी कॉलेज पाहिले होते, त्या घरी ही गोष्ट माहीत होती. ज्याच्या घरात दहावीपर्यंत पोहोचणारा तोच पहिला, त्याला ती दहावीच्या निकालानंतर कळली. दहावीचे गुण घेऊन आलेल्या एका मुलीस, तुला परिचारिका व्हायचे असेल तर विज्ञान हवे आणि ते तू नववीतच सोडून दिले आहेस, असे सांगण्याचा प्रसंग माझ्या कचेरीत आला आहे. तिने ते सोडले नव्हते. तिच्या वर्गातल्या कच्च्या मुलांची नावे निराळ्या यादीत लिहिली गेली होती, एवढेच. कागदोपत्री निवड तिची, सही बापाची. न्यायालयात न्यावे असे त्यात काही उरले नव्हते. २०१८-१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा तो पर्याय गेला. पर्याय गेला, पण यादी करण्याची सवय गेली असे मला वाटत नाही.

ह्या प्रश्नाशी आपल्या समाजाचा संबंध आजचा नाही. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असता त्यांस संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्याच्या मुलास ती भाषा शिकविण्याचे नाकारले गेले आणि त्यांस फारशी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते फारशी घेऊन. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळविले, ही त्यांची थोरवी. परंतु बाबासाहेबांइतकी झेप प्रत्येक मुलाने घ्यावी अशी अपेक्षा ठेवून व्यवस्था चालविता येत नाही. त्या काळी शिक्षक तोंडावर नाही म्हणत असे. आज कोणी नाही म्हणत नाही. शिक्षक नाही, तुकडी भरत नाही, तासिका बसत नाही, अशी कारणे पुढे येतात आणि निवड आपोआप होऊन जाते. कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही एक नव्हेत, हे मी जाणतो. मुलाच्या हाती काय पडते, हे पाहिले तर अंतर फार उरत नाही.

भाषेचाच विषय निघाला आहे तर पालीविषयीही लिहितो. माध्यमिक परीक्षेच्या विषयांत संस्कृत, अर्धमागधी, फारशी, अरबी ह्यांच्या ओळीत पालीही आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीसही अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपल्या वस्त्यांतून आनंद झाला आणि आता आपल्या मुलांनी पालीच घ्यावी असा आग्रहही सुरू झाला. हा आग्रह मला पुरता मान्य नाही. वंदना जिच्या शब्दांत म्हणतो ती भाषा मुलास कळावी, ह्यात दुमत कसले? परंतु शिकविणारा नसता केवळ श्रद्धेपोटी घेतलेला विषय मुलाच्या डोक्यावर ओझे होतो, आणि केवळ गुण सहज मिळतात म्हणून घेतलेला विषय दहावीनंतर तो विसरून जातो. पाली घ्यावी ती तिच्यात गोडी वाटली म्हणून. गोडी वाटते की नाही, हे कळण्यास मुलाने ती चार दिवस तोंडात घोळविली पाहिजे. ती संधी त्यास नववीच्या आधी मिळत नाही, हे खरे दुःख आहे. हेच संस्कृतविषयी. संस्कृत दुसऱ्यांची भाषा म्हणून टाळणारे पालक मला भेटले आहेत. ज्या भाषेसाठी बाबासाहेब झगडले तिच्यावर आपणच बहिष्कार का घालावा?

दुसरा पर्याय व्यवसाय शिक्षणाचा. काही वर्षांपासून निवडक शाळांतून नववीपासून एखाद्या भाषेच्या जागी मोटारदुरुस्ती, किरकोळ विक्री, शेती, आरोग्यसेवा असे विषय घेता येतात. हाताचे काम हलके मानणारा मी नव्हे, आपल्या बापजाद्यांनी हातांनीच हा देश उभारला. परंतु जेथे आदिवासी व आपली मुले अधिक, तेथे हे विषय तत्परतेने पुढे केले जातात आणि जेथे वरिष्ठांची मुले अधिक तेथे त्यांचे नाव निघत नाही, असे दिसले तर पालकाने दोन प्रश्न विचारावेत. शाळेत कार्यशाळा आहे काय? आणि जी भाषा सुटेल तिच्यावाचून पुढे काय अडेल? दोन्हींची उत्तरे समाधानकारक असली तर खुशाल घ्यावा.

ह्यासाठी मी असे सुचवितो की नववीत जाणाऱ्या मुलांसाठी गावोगाव, विहारात वा ग्रामपंचायतीच्या सभागृहात, उन्हाळी वर्ग भरवावेत. शहरी वर्गाची नक्कल येथे चालणार नाही. आपला उन्हाळा निराळा आहे. मोहफुले मार्च-एप्रिलची, आणि मे लागला की तेंदूपत्ता. पहाटे जंगल, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणे, सायंकाळी फळीवर मोजणी. तेरा-चौदा वर्षांचे मूल ह्या कामात घरचा एक हात असते आणि त्या पैशांतूनच जूनमध्ये वह्या येतात. ते काम सोडून वर्गात या, असे पालकास सांगणारा उपदेशक ह्या भागाचा नव्हे. शिवाय ब्रह्मपुरी, चंद्रपूर येथे पारा शेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो तेव्हा पत्र्याखाली मुले बसविणे हा गुन्हाच समजावा.

वर्ग तालुक्याच्या गावी ठेवूनही भागणार नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ज्या वाटेवर मोठी माणसे सुरक्षित नाहीत त्या वाटेने सकाळच्या अंधारात मुलीस दुसऱ्या गावी पाठवा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? वर्ग त्याच गावात, चालत दोन मिनिटांवर असला पाहिजे.

मग वेळ कोणती उरते? विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा उघडतात. २०२३ मध्ये त्या ३० जूनला आणि २०२५ मध्ये २३ जूनला उघडल्या. तेंदूचा हंगाम साधारणपणे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत आटोपतो आणि धानाच्या पऱ्ह्यांची घाई पाऊस पडल्यावर लागते. ह्या दोहोंच्या मध्ये तीन-साडेतीन आठवडे सापडतात. सकाळी साडेसहा ते नऊ एवढाच वर्ग. त्यात नववीचे पुस्तक पुढे रेटू नये. अपूर्णांक, शेकडेवारी, समीकरण आणि इंग्रजीचे एक पान न अडखळता वाचणे, एवढे पक्के झाले तर पुष्कळ झाले. उरलेल्या वेळात दोन-दोन, तीन-तीन दिवस प्रत्येक ऐच्छिक विषयाची ओळख व्हावी: पालीची दहा वाक्ये, संस्कृतची दहा, व्यवसाय शिकलेल्या एखाद्या तरुणाबरोबर एक सकाळ. शेवटच्या दिवशी आईबापांस बोलवावे आणि कोणत्या विषयाने पुढे कोणती दारे उघडतात व कोणती लागतात, हे त्यांच्यासमोर मुलांनीच सांगावे.

आपल्याकडे उन्हाळ्यात धम्म संस्कार शिबिरे भरतात. ती भरावीत. पण दहा दिवसांत एकही गणित न सोडविता मूल घरी परतत असेल, तर त्या संस्कारात काही उणे राहिले असे मी स्पष्ट म्हणतो.

शिकविणार कोण, हा प्रश्न येईलच. आज आपल्या बहुतेक मोठ्या गावांत पदवी घेऊन बसलेली दोन तरी मुले-मुली आहेत. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ अन्वये शाळेच्या शिक्षकास खासगी शिकवणी करता येत नाही. गावाने आपल्या पदवीधरास मानधन देण्यास मात्र त्या कलमाची आडकाठी नाही. मानधन कोठून? गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा २००६ च्या वनहक्क कायद्याच्या व पेसा कायद्याच्या आधारे तेंदू व बांबू स्वतः विकतात. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावनेही तो मिळविला. ज्या पानांसाठी मुलांचे हात राबले त्या पानांच्या पैशातून त्या मुलांच्या वर्गाचा खर्च निघावा, ह्याहून न्याय्य ठराव ग्रामसभेपुढे दुसरा कोणता येईल? अशा गावांतून गोंड, माडिया आणि आपली मुले एकाच चटईवर बसतील, हाही लाभ लहान नव्हे.

आणि एका बाबतीत हा वर्ग मागण्यासाठी ग्रामसभेकडेही जावे लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा आली. महाराष्ट्रात ती २०२३-२४ पासून लागू झाली. त्याच कलमात असे आहे की, जे मूल ह्या परीक्षेत नापास होईल त्यास अतिरिक्त अध्यापन द्यावे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेस बसू द्यावे. निकाल मेच्या आरंभी लागत असेल तर हे दोन महिने म्हणजे उन्हाळाच. तेव्हा आठवीत नापास झालेल्या मुलासाठी उन्हाळ्यात शिकविणे हा शाळेचा उपकार नव्हे. पालकांनी ते लेखी मागावे. फेरपरीक्षेची तारीख सांगितली पण शिकविले नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे व नंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे अर्ज ठेवावा.

ह्याच सुटीत कागदाचेही एक काम उरकावे. आठवी एका शाळेत व नववी दुसरीत असे असेल तर शाळा सोडल्याचा दाखला हाती येतो. तो घरी नेऊन पेटीत ठेवण्यापूर्वी धर्म व जात ह्या रकान्यांतील नोंद वाचावी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मान्य झाल्या आहेत; म्हणून बौद्ध लिहिल्याने सवलत जाते, ही भीती निराधार आहे. पण बापाच्या दाखल्यात एक, मुलाच्या दाखल्यात दुसरेच व स्पेलिंग तिसरे, असा गोंधळ असला तर पुढे जात पडताळणीच्या वेळी खेटे घालावे लागतात. शाळा सोडल्यानंतर नोंद बदलून घेणे फार कठीण. मूल शाळेत असतानाच ती दुरुस्त होते. आठवीत असता राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन जी मुले निवडली गेली, त्यांस नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात, मात्र सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वा अनुदानित शाळेत प्रवेश घेतला तरच. विनाअनुदानित शाळेच्या रंगीत पत्रकास भुलून हे पैसे घालविलेली घरे आहेत.

विषयाच्या निवडीचा अर्ज शाळा उघडण्याच्या पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांकडे द्यावा. मुलाने कोणता विषय मागितला हे त्यात स्पष्ट लिहावे. तो विषय मिळत नसेल तर कारण लेखी द्यावे, अशी ओळ शेवटी घालावी. एकाच विषयासाठी चार-पाच मुले असतील तर सर्वांच्या पालकांनी एकत्र सही करावी. अर्ज दोन प्रतींत असावा आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.