विश्लेषण : व्हिएतनामच्या भरभराटीचे मूळ कारखान्यात की भातशेतीत?

चीनमधून बाहेर पडणारे कारखाने भारतात का येत नाहीत, अशी चर्चा निघाली की व्हिएतनामचे नाव हमखास घेतले जाते. स्वस्त मजूर, बंदरे, मुक्त व्यापार करार ही कारणेही सांगितली जातात. ती खरी आहेत. पण ती या गोष्टीचा उत्तरार्ध सांगतात. पूर्वार्ध भाताच्या खाचरात घडला.

‘दोई मोई’ची वेळ का आली?

१९७५ मध्ये युद्ध संपल्यावर उत्तरेची नियोजित अर्थव्यवस्था दक्षिणेवरही लादली गेली. सामुदायिक शेती, सरकारी भाव, रेशनची कुपने. पिकवलेले सामुदायिक कोठारात जाणार असेल, तर जास्त राबायचे कोणासाठी? मात्र घरच्या लागवडीसाठी मिळालेल्या जेमतेम ५ टक्के जमिनीवर हीच कुटुंबे जीव ओतून कसत होती. दोष शेतकऱ्यात नव्हता, व्यवस्थेत होता. महागाई तीन आकडी झाल्यावर डिसेंबर १९८६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे धोरण ठरले. न्गुएन व्हान लिन्ह पक्षाचे सरचिटणीस झाले.

ही कल्पना नेत्यांची होती?

पूर्णपणे नाही. विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गॉक यांनी १९६६ मध्येच कुटुंबांना कराराने जमीन कसायला दिली होती. १९६८ मध्ये पक्षनेतृत्वाने ही पद्धत चुकीची ठरवली. ती चोरूनलपून मात्र चालूच राहिली. १९८१ मध्ये पक्षाने तशाच कराराला मर्यादित मान्यता दिली आणि १९८८ च्या ‘ठराव १०’ने शेतकरी कुटुंब हाच शेतीचा मुख्य घटक मानला. म्हणजे लोक जे आधीपासून करत होते, त्याला सरकारने उशिरा कायदेशीर केले.

परिणाम काय झाला?

१९८८ मध्ये उत्तरेकडील प्रांतांत अन्नटंचाई होती. १९८९ मध्ये भावांवरील बहुतेक नियंत्रणे उठली आणि त्याच वर्षी देशाने सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. १९९३ च्या जमीन कायद्याने कसण्याचा हक्क हस्तांतरित करण्याची, वारसाला देण्याची आणि गहाण ठेवण्याची मुभा दिली. मालकी मात्र सरकारकडेच राहिली. त्या वर्षी सुमारे ५८ टक्के लोक गरीब होते. २००८ पर्यंत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत आले. अमेरिकी निर्बंध १९९४ मध्ये उठले, २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व मिळाले. सॅमसंगचे मोठे कारखाने त्यानंतरचे.

मग अडचण कुठे आहे?

आज देशाच्या निर्यातीतील ७० टक्क्यांहून अधिक वाटा परदेशी गुंतवणुकीच्या कंपन्यांचा आहे. अनेक सुटे भाग बाहेरून येतात, जोडणी व्हिएतनाममध्ये होते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने ४६ टक्के आयातशुल्क जाहीर केले, तेव्हा ही मेख उघडी पडली. शुल्क पुढे कमी झाले, पण धडा राहिला. मे २०२५ मध्ये पक्षाने ‘ठराव ६८’द्वारे खासगी क्षेत्राला अर्थव्यवस्थेची सर्वांत महत्त्वाची चालक शक्ती म्हटले. शेतकऱ्यावर १९८८ मध्ये टाकलेला विश्वास देशी उद्योजकावर टाकायला आणखी ३७ वर्षे लागली.

विश्वास कागदावर टाकणे सोपे असते. बँकेचे कर्ज, जमीन आणि परवाने अजूनही सरकारी कंपन्या आणि बड्या परदेशी गुंतवणूकदारांकडेच आधी गेले, तर ठराव ६८ नावापुरता उरेल. टीका करणारी वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष नसलेल्या देशात ही चूक वेळेवर दाखवणार कोण, हाही प्रश्न आहेच. किम न्गॉक यांचे म्हणणे खरे होते हे मान्य व्हायला वीस वर्षे गेली. तेवढी उसंत आता व्हिएतनामकडे नाही.