खोपोलीच्या विजेची राहिलेली बाकी

पनवेलहून खोपोलीमार्गे पुण्याकडे निघालेल्या प्रवाशाला घाट चढण्यापूर्वी डोंगरावरून सरळ खाली उतरलेले पोलादी नळ दिसतात. बहुतेकांचे लक्ष तिकडे जात नाही. ज्यांचे जाते ते ‘टाटांचे वीजघर’ एवढे म्हणून पुढे सरकतात. तथापि हवामानबदल, स्वच्छ ऊर्जा आणि उद्योगांचे धोरण यांविषयी आज परिषदांतून जी चर्चा चालते, तिचा निम्मा धडा या नळांनी शंभर वर्षांपूर्वीच दिलेला आहे. उरलेला निम्मा मुळशीच्या जलाशयाखाली आहे.

प्रथम पहिला धडा पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते कोकणात सोडावे आणि त्यावर वीज करावी, ही जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या पश्चात तडीस गेली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी व १९२७ मध्ये भिरा ही वीजघरे सुरू झाली. मुंबईच्या आकाशातील धूर कमी व्हावा ही इच्छा त्यामागे नव्हती असे नाही. पण गिरणीमालकांनी ही वीज घेतली ती परोपकार म्हणून नव्हे. कोळसा दुरून आणावा लागे, त्याचा भाव व वाहतूक यांवर त्यांचा ताबा नसे, आणि पाण्याची वीज त्यांना परवडणारी होती. ठरलेला मोठा ग्राहक, फळासाठी थांबण्यास तयार असलेले देशी भांडवल आणि कोळशाशी टक्कर देणारा दर या तीन पायांवर तो व्यवहार उभा राहिला. स्वच्छ ऊर्जेच्या कोणत्याही व्यापारी धोरणाला आजही हेच तीन पाय लागतात.

आज त्या धोरणाची निकड वाढली आहे. २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे दिले. जून २०२५ पर्यंत देशातील वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेलाविना चालणारी झाली. मात्र प्रत्यक्षात निर्माण होणारी वीज अद्याप बहुतांशी कोळशाचीच आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते आदी आयात मालावर कार्बनचा आकार लागू केला आहे. तेव्हा तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतीतील निर्यातदाराला मालाबरोबर धुराचाही हिशेब द्यावा लागेल, हे उघड आहे.

सूर्यशक्ती स्वस्त झाली, पण सूर्य मावळतो त्याच वेळी घराघरांतील दिवे लागतात. ही अडचण सोडविण्यासाठी दिवसाच्या शिलकी विजेने पाणी वरच्या तलावात चढवावयाचे आणि सायंकाळी ते खाली सोडून वीज मिळवावयाची, अशी पद्धत आहे. त्यात काही वीज खर्ची पडते. पण उपयोगाच्या वेळी मिळणाऱ्या विजेचे मोल अधिक असते. भिरा येथे असा एक संच पूर्वीपासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर कंपनीने राज्य शासनाशी शिरवटा येथे १,८०० व भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केला. शंभर वर्षांपूर्वीचाच डोंगर पुन्हा नव्या व्यवहारात येत आहे, आणि म्हणूनच दुसरा धडा उजळणे अगत्याचे आहे.

१९२१ मध्ये रामनवमीच्या दिवशी मावळातील शेतकऱ्यांनी मुळशीचा सत्याग्रह आरंभिला. धरणाखाली सुमारे पन्नास गावांची भातशेती जाणार होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लाभली ती याच लढ्यात. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, हरला, आणि धरण झाले. गिरण्यांना वीज मिळाली, भागधारकांना लाभांश मिळाला. मावळ्याच्या वाट्याला मात्र विस्थापन आले. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही यास ‘बाह्य परिव्यय’ म्हणतो, म्हणजे उत्पादकाच्या वहीत न चढणारा, दुसऱ्याच कोणी सोसलेला खर्च. कोळशाच्या धुराला आपण हेच नाव देतो. मग धूर टाळताना कोणाची शेती गेली, हा खर्च वहीबाहेर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पनवेल-उरणच्या वाचकाला हे निराळे समजावून सांगावयास नको. नवी मुंबईसाठी येथील जमिनी गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. जे आरंभीच न्याय्य होते, ते रक्त सांडल्यावर मिळाले.

स्वच्छ ऊर्जेने तरी हा क्रम बदलावा. त्यासाठी नवे तत्त्व शोधावयास नको. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमीन भाड्याने घेण्याची सोय आहे. हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ, असा तिचा दर आहे. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. सौर पट्ट्यांखालील जमिनीला जो न्याय, तोच तलावाखालील आणि मनोऱ्यांखालील जमिनीला का नसावा? एकरकमी भरपाईऐवजी वाढते वार्षिक भाडे, किंवा प्रकल्पातील भाग, आणि कुळाने कसलेल्या जमिनीत कुळाचाही वाटा, या अटी करारातच घातल्या पाहिजेत.

यामुळे वीज महाग होईल, असा आक्षेप येईल. थोडी होईलही. परंतु हा खर्च आज टाळला म्हणून नाहीसा होत नाही. रखडलेली कामे, कोर्टकचेऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अविश्वास या रूपाने तो व्याजासह परत येतो. मुळशीचे कामही सत्याग्रहामुळे काही काळ थांबले होतेच.

लोणावळ्याकडचे तेच पाणी वीज देऊन खोपोलीखाली पाताळगंगेला मिळते आणि या भागातील कारखान्यांच्या कामी येते. लाभ घेणाऱ्यांत आपण सारेच आहोत. तेव्हा नव्या करारांची कागदपत्रे तयार होत असतानाच शिक्षकांनी, कारकुनांनी, विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारावा: या वहीत डोंगरावरच्या माणसाच्या नावे जमेस काय लिहिले आहे?