काटा हलला म्हणजे झालं?

गेले दोन वीकेंड मी एकाच कामासाठी पुणे-सोलापूर हायवे घासला. मोडनिंबला घरी जुना पिकअप आहे, त्याचा डॅशबोर्डवरचा मीटर बदलायचा होता. मीटर म्हणजे अख्खा संच. स्पीड, डिझेल, टेंपरेचर, ऑइलचा दिवा, सगळं एका डब्यात. दोन तासांचं काम आहे असं मी धरलं होतं. (इंजिनियरच्या एस्टिमेटवर विश्वास ठेवू नये हे ऑफिसात शिकलोय, घरी विसरलो.)

गाडी टाटामोबाइल 206. तेव्हाच्या टेल्कोने 1988 मध्ये बाजारात आणलेली. पुढे आलेल्या सिएरा, इस्टेट आणि 1994 ची सुमो याच घराण्यातल्या. आमची गाडी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. द्राक्षं, डाळिंबं, कडबा, लग्नाचं वऱ्हाड आणि बारावीनंतर माझी ट्रंक-गादी, सगळं तिनंच वाहिलं.

मीटर बंद पडून सहा-सात वर्षं झाली. मागच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या आणि काटे झोपले. अण्णांचं त्यावाचून काही अडलं नाही. "मीटर कशाला बघायचा? गाडी बोलती की," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि ते खरंच होतं. इंजिनाचा आवाज जरा जड झाला की ते टेंभुर्णीच्या अलीकडेच गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचे. डिझेल किती आहे ते टाकीत काठी घालून बघायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात गाडी उकळली. रेडिएटरचा पाइप फुटला होता, पण अण्णांना कळलं ते काचेवर वाफ आल्यावर. हेड गॅस्केट गेलं. गॅरेजवाला म्हणाला, "अण्णा, एवढा आवाज येत असंल की!" अण्णा काही बोलले नाहीत. रात्री आईनं फोनवर सांगितलं, त्यांना आता नीट ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणलंय, पण गाडीत लावत नाहीत. नुसती घरघर ऐकू येते म्हणतात.

म्हणजे गाडी अजून बोलत होती. ऐकणारा कान थकला होता. म्हणून मीटर.

भंगारातून एका सुमोचा मीटर मिळवला, चांगल्या काचेचा. जुन्याची खाच आणि नव्याची खाच जमेना, पत्रा कापून जमवला. वायरींचे रंग जुळेनात, मल्टीमीटर लावून एकेक वायर शोधली, कागदावर नकाशा काढला. संध्याकाळी चावी फिरवली आणि काटे टुणकन उठले. वायरमन म्हणाला, "झालं की काम." मीही खूश झालो. फक्त अण्णांनी विचारलं, "हे खरं सांगतंय का पण?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता.

कारण काटा हलतो म्हणजे फक्त करंट पोचला. तो खरं सांगतो का, ते सेन्सरवर आहे. इंजिनात बसवलेला टेंपरेचरचा सेन्सर म्हणजे एक रेझिस्टन्स. पाणी तापलं की तो कमी होतो आणि काटा वर जातो. पण किती डिग्रीला किती ओहम, हे प्रत्येक मीटरचं वेगळं. मीटर आणि सेन्सर ही जोडी असते, आणि मी नवरा बदलून बायको तीच ठेवली होती. :)

अमेरिकेत जुन्या पिकअपवर हौसेनं काम करणारे लोक यात हमखास अडकतात. जुन्या फोर्डचा टाकीतला सेन्सर रिकाम्या टाकीला साधारण 73 ओहम दाखवतो आणि भरल्या टाकीला 10. जुन्या शेव्हरलेचा मीटर मात्र 0 ला रिकामी समजतो आणि 90 ला भरलेली. दोन्ही एकत्र जोडा, काटा मस्त हलेल. पण टाकी जसजशी रिकामी होईल तसतसा तो भरलेलीकडे जाईल!

मग आईचं एक पातेलं मागून घेतलं (परत मिळालेलं नाही अशी तिची तक्रार आहे). सेन्सर वायरला बांधून पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. पाणी खदखदायला लागलं तरी मीटरचा काटा निम्म्याच्या खाली, आरामात. या काट्यावर अण्णांनी भरवसा ठेवला असता तर दुसरं गॅस्केट नक्की होतं.

माझं मत आता पक्कं झालंय. बंद मीटरपेक्षा चुकीचा मीटर वाईट. बंद मीटर निदान कबूल तरी करतो की मला माहीत नाही, मग माणूस काठी घालून बघतो, कान देतो. चुकीचा मीटर माणसाचं हे बघणंच थांबवतो. ऑफिसात आम्ही एकदा हेच भोगलंय. रात्रभर मॉनिटरवर सगळं हिरवं होतं, कारण आकडे गोळा करणारा प्रोग्रॅमच मेला होता आणि शेवटचा चांगला आकडा स्क्रीनवर तसाच चिकटला होता. हिरवं बघून आम्ही सगळे झोपलो.

दुसऱ्या वीकेंडला मीटरच्या जोडीचा सेन्सर आणला आणि पुन्हा पातेलं. या वेळी उकळत्या पाण्यात काटा लाल पट्टीला टेकला. पण अजून एक गोम होती. पाइप फुटून पाणी सगळंच गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. म्हणून हेडच्या लोखंडालाच एक वेगळा थर्मल स्विच बसवला आणि त्याचा मोठा लाल दिवा अण्णांच्या नजरेसमोर. बझर नाही, दिवा. का ते दोघांनाही माहीत होतं, बोललो नाही.

राहिला किलोमीटरचा आकडा. आमचा जुना मीटर 41,306 वर अडकलेला, आणि पाच आकडी. म्हणजे एक लाख झाले की पुन्हा शून्य. अण्णांच्या डिझेलच्या डायऱ्यांप्रमाणे तो तीनदा फिरलाय. भंगारातल्या मीटरवर दुसऱ्याच गाडीचे 63 हजार. वायरमननं सहज विचारलं, "वीस हजारावर आणून ठेवू का? इकताना बरं पडंल."

अमेरिकेत 1972 च्या कायद्यानं हा गुन्हा आहे. मीटर बदलताना जुना आकडा नव्यावर आणता येत नसेल तर नवा शून्यावर आणायचा, आणि डाव्या दरवाजाच्या चौकटीवर जुना आकडा व तारीख लिहिलेली पट्टी लावायची. जर्मनीनेही 2005 मध्ये आकडा फिरवणं गुन्हा ठरवलं. आपल्याकडे अशी पट्टी मी तरी कुठल्या गाडीवर पाहिलेली नाही. जुनी गाडी घेताना सगळे आधी तो आकडा बघतात आणि मग म्हणतात, फिरवलेलाच असणार. खोटं इतकं अंगवळणी पडलंय की खरा आकडा लिहिणाराच वेडा ठरतो.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं. ते आत जाऊन बैलाची शिंगं रंगवायच्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. वायरमनकडून मीटर शून्यावर आणून घेतला आणि दरवाजाच्या चौकटीवर बारीक ब्रशनं लिहिलं: जुना मीटर 3,41,306, आणि खाली तारीख. गाडी विकायची वेळ आली तर या एका ओळीनं किंमत नक्की कमी होईल. ते त्यांनाही कळत होतं.

तुमच्या घरीही अशी एखादी गाडी, स्कूटर, नाहीतर ट्रॅक्टर असेल. पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा नवीन सीट कव्हर नका नेऊ, एक मल्टीमीटर न्या. आणि चालवणाऱ्याला कसं ऐकू येतं, कसं दिसतं, तेही जरा बघा.

रविवारी निघताना अण्णा मला हायवेपर्यंत सोडायला आले. पूर्ण रस्ताभर त्यांची नजर रस्ता, काटा, रस्ता, काटा अशी. शेवटी मीच म्हणालो, "अण्णा, एवढं नका बघू, आता खरं सांगतोय तो."

"बघू दे की," ते म्हणाले. "सवय लागाय पायजे."