'उतर बे, तुजा गाव आला!'

बालमित्रांनो,

सहलीच्या गाडीत बसलं की तुम्ही काय करता? खिडकीसाठी भांडता, दुपारचा डबा सकाळी नऊलाच संपवता आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचता. बरोबर ना? आमची चौथीची मुलंही अगदी तश्शीच! मागच्या हिवाळ्यात आम्ही एसटीची गाडी ठरवून चंद्रपूरला गेलो होतो. आमची शाळा गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात. पहाटे अंधारात निघालो. उजाडल्यावर पाट्यांचं वाचन सुरू झालं, ते थांबेचना.

मूलच्या रस्त्याने गाडी चंद्रपुरात शिरली. एका चौकात दुकानांच्या पाट्यांवर एकच नाव पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. "बंगाली कॅम्प!" मुलं एका सुरात ओरडली. एका मुलीने विचारलं, "बाई, कॅम्प म्हणजे तंबू ना? इथं तर पक्की घरं आहेत!"

प्रश्न किती छान होता! पण मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "उतर बे, तुजा गाव आला! बांगलादेशी!"

सगळी गाडी हसली. ज्याला चिडवलं तो मुलगा नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या घरी बांगला बोलतात. आणि मी काय केलं? "चला, गडबड नको, गप्प बसा," एवढंच म्हटलं. आम्ही जटपुरा गेट पाहिलं, महाकालीचं देऊळ पाहिलं, भेळ खाल्ली आणि परत आलो.

पुढचे तीन दिवस तो मुलगा शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले.

अंगणात त्याचे आजोबा जाळं विणत बसले होते. तो त्यांना 'दादू' म्हणतो. दादू छान मराठी बोलतात, फक्त मधूनमधून 'स'चा 'श' होतो. मी का आले ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. सगळ्यात वरचा कागद पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला.

"बाई, हा मानाच्या छावणीतला कागद," ते म्हणाले. "तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. या पोराएवढाच."

मुलांनो, गोष्ट १९६४ सालची आहे. आजचा बांगलादेश तेव्हा पाकिस्तानचा भाग होता. त्याला पूर्व पाकिस्तान म्हणत. १९६३च्या डिसेंबरात काश्मीरमध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून एक पवित्र अवशेष नाहीसा झाला. थोड्याच दिवसांत तो सापडलाही. पण तोवर संतापाची आणि अफवांची लाट कुठल्या कुठे पोचली होती. तिथून शेकडो कोस लांब, खुलना जिल्ह्यात, जानेवारी १९६४ मध्ये हिंदूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. मग ढाक्यात झाले. आणि त्याच महिन्यात इकडे कलकत्त्यात मुसलमानांच्या वस्त्या जळाल्या.

आता विचार करा. खुलन्याच्या कोळ्याचा किंवा शेतकऱ्याचा श्रीनगरशी काय संबंध? कलकत्त्याच्या मुसलमान विणकराचा खुलन्याशी काय संबंध? काहीच नाही! कोणीतरी काहीतरी केलं आणि त्याची शिक्षा 'त्यांच्यातला' म्हणून भलत्यालाच मिळाली. दंगल अशीच चालते. ती माणसाला ओळखत नाही, फक्त त्याच्यावरची चिठ्ठी वाचते.

पण त्या दिवसांत चिठ्ठी न वाचणारी माणसंही होती बरं का! ढाक्यात अनेक मुसलमान पत्रकार, लेखक आणि विद्यार्थी हिंदू शेजाऱ्यांना वाचवायला उभे राहिले. दंगलीला विरोध करा, असं आवाहन तिथल्या वर्तमानपत्रांनी छापलं.

दादूंचं घर खुलना जिल्ह्यात होतं. एका रात्री घर, होडी, गाय, सगळं तिथेच टाकून ते आईबापांबरोबर निघाले. सीमा ओलांडली. पुढे आगगाडीने त्यांना रायपूरजवळच्या माना इथल्या छावणीत आणलं. तिथे दोन वर्षं गेली. त्या कागदावर लिहिलं होतं, कुटुंबातली माणसं पाच. "निघालो तेव्हा सहा होतो," दादू म्हणाले. सहावं कोण, ते मी विचारलं नाही.

अशा निर्वासितांसाठी केंद्र सरकारने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला होता. त्यात बस्तर आणि ओडिशाच्या कोरापूट भागात वस्त्या वसवल्या गेल्या. आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यातही बऱ्याच कुटुंबांना जमिनी देऊन वसवलं. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो झाला २६ ऑगस्ट १९८२ला. आजही मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत फिरलात तर गावांची नावं ऐका. सुंदरनगर, विवेकानंदपूर, खुदिरामपल्ली, देशबंधुग्राम, सुभाषग्राम. खुदिराम म्हणजे क्रांतिकारक खुदिराम बोस, देशबंधू म्हणजे चित्तरंजन दास आणि सुभाष कोण ते तुम्हाला ठाऊकच आहे. घर सुटलं, पण माणसांनी आपली नावं बरोबर आणली.

"इथं आलो तेव्हा तंबू होते," दादू सांगत होते. "आम्ही नदीची माणसं, जंगल कधी पाहिलं नव्हतं. हिवतापाने माणसं जायची. शेजारच्या गावातली एक गोंड म्हातारी आईला रानातली भाजी दाखवायची. ही खा, ही नको. तिला बांगला येत नव्हतं, आईला गोंडी येत नव्हतं. पण आम्ही जगलो."

मग थोडं थांबून ते म्हणाले, "बाई, एक खरं सांगू? आम्हाला जी जागा मिळाली ती रिकामी नव्हती. त्या म्हातारीची गुरं तिथं चरायची. तिला कोणी विचारलं नव्हतं."

मुलांनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. मारहाण थांबली की माणूस सुरक्षित झाला, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही. दादूंच्या पेटीतले कागद मी एकेक करून पाहिले. छावणीची चिठ्ठी, जमिनीचा पट्टा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड. प्रत्येक कागद म्हणजे सुरक्षिततेची एकेक वीट होती. इथे राहायची परवानगी, पोट भरायला जमीन, शिकायला शाळा. आणि गोंड, माडिया लोकांच्या अशाच विटा पुष्कळ उशिरा आल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलात राहिले, त्यावरचा त्यांचा हक्क मानणारा वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्या कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. एकाला आसरा द्यायचा म्हणून दुसऱ्याचा हक्क पुसायचा नसतो. दोघांचेही सांभाळायचे असतात. ते अवघड असतं, पण करावंच लागतं.

तुम्ही विचाराल, हे हक्क ठरवले कोणी? दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. जीव धोक्यात आला तर दुसऱ्या देशात आसरा मागण्याचा हक्क त्यात आहे. कुठल्या तरी देशाचं नागरिक असण्याचा हक्क आहे. शिक्षणाचाही आहे. त्याच्या मसुद्यात इंग्रजीत आधी 'सगळे पुरुष' असाही अर्थ निघेल असे शब्द होते. आपल्या देशाच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथे 'सगळी माणसं' असं झालं. आहे की नाही अभिमानाची गोष्ट?

आपल्या राज्यघटनेचं २१वं कलम सांगतं, की कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीशिवाय कोणत्याही व्यक्तीचं जीवन आणि स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. शब्द नीट पाहा. तिथे 'नागरिक' म्हटलेलं नाही, 'व्यक्ती' म्हटलं आहे! हा शब्द किती कामाचा आहे ते अरुणाचल प्रदेशात दिसलं. पूर्व पाकिस्तानातल्या चितगाँगच्या डोंगराळ भागातून चकमा लोक १९६४च्या सुमारास भारतात आले. तिथे कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झालं होतं आणि त्यांची शेतं बुडाली होती. सरकारने त्यांना आजच्या अरुणाचलात वसवलं. तीस वर्षांनी तिथल्या काही संघटना म्हणू लागल्या, 'निघून जा.' तिथल्या आदिवासींना आपल्या जमिनीची काळजी होती, तीही खोटी नव्हती. पण धमक्या सुरू झाल्या, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. हा आयोग १९९३ मध्ये स्थापन झाला होता. न्यायालयाने ९ जानेवारी १९९६ रोजी सांगितलं, की माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचं रक्षण करणं हे राज्याचं कामच आहे.

आणि आमच्या वर्गातल्या मुलाचं काय? त्याचे बाबा १९८४ मध्ये इथेच जन्मले. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७च्या आधीपर्यंत भारतात जो जन्मला, तो कायद्याने जन्मतःच भारताचा नागरिक. त्याची आईही अशीच, याच तालुक्यात जन्मलेली. म्हणजे 'बांगलादेशी' हा शब्द कायद्यानेसुद्धा साफ खोटा! पण समजा खरा असता, तरी गाडीतून 'उतर' म्हणायचा अधिकार कोणाला होता? कोणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. हजेरी झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "मुलांनो, सहलीच्या दिवशी एक चूक झाली. चिडवणाऱ्याची झाली, हसणाऱ्यांची झाली. पण सगळ्यात मोठी बाईंची झाली. मी ऐकलं आणि 'गडबड नको' म्हणून सोडून दिलं. तो माझा वर्ग होता. मी थांबवायला हवं होतं."

वर्ग एकदम चिडीचूप. मग मी विचारलं, "असं कोणी कोणाकोणाला म्हटलंय?" एका माडिया मुलीने हळूच हात वर केला. "बाई, मला बाजारात 'जंगली' म्हणतात." मग दुसरा हात, तिसरा हात. मीही सांगितलं, की मी अमरावतीकडची. या गावात बदलून आले तेव्हा मलाही कितीतरी दिवस 'बाहेरची बाई' म्हणत.

त्या दिवशी गृहपाठ एकच दिला. आपल्या घरातलं या गावात सगळ्यात आधी कोण आलं, कुठून आलं आणि का आलं, ते घरी विचारून चार ओळी लिहून आणायच्या.

दुसऱ्या दिवशी काय गंमत झाली! कोणाचे पणजोबा तलावाच्या कामावर आलेले, कोणाची आजी लग्न होऊन वैनगंगेपलीकडून आलेली. दोन माडिया मुलांनी लिहिलं होतं, 'आम्ही कुठूनच आलो नाही. आम्ही इथलेच.' ज्याने गाडीत चिडवलं होतं त्याची पाळी आली. त्याने खाली बघत वाचलं, "माझे पणजोबा करीमनगरकडून आले. तिकडे दुष्काळ पडला होता. त्यांना मराठी येत नव्हती. लोक हसायचे." वाचून झाल्यावर तो बराच वेळ उभाच राहिला.

शेवटी दादूंच्या नातवाने वाचलं, "माझे दादू खुलन्याहून आले. दंगल झाली म्हणून आले. माझे बाबा इथले. मी इथला." वाचून तो बसला आणि लगेच पुन्हा उभा राहिला. "बाई, पुन्हा कोणी म्हटलं तर?"

"तर माझ्याकडे यायचं," मी म्हटलं. "आणि या वेळी मी ऐकेन." हक्क नुसते पुस्तकात असून भागत नाही. ते मोडले तर जायचं कोणाकडे, तेही माहीत असावं लागतं. देशाला मानवी हक्क आयोग आहे, आपल्या राज्यालाही आहे. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे. वर्गात मात्र बाई आणि गुरुजीच असतात.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. 'ते लोक' हे शब्द मुलं शाळेत शिकत नाहीत. ती ते जेवताना ऐकतात. एवढं लक्षात ठेवा.

आणि बालमित्रांनो, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच की! हो, कॅम्प म्हणजे तंबूच. तंबू कधीचे गेले, तिथे आता पक्की घरं आहेत, दुकानं आहेत. नाव तेवढं राहिलं. तुम्ही चंद्रपूरला गेलात आणि ती पाटी दिसली तर जरूर मोठ्याने वाचा. आणि शेजारी बसलेल्याला ही गोष्ट सांगा.

या आठवड्याचा उपक्रम म्हणून तोच गृहपाठ तुम्हीही करा. चार ओळी पुरेत. आजी-आजोबांना विचारा, घाई करू नका. आणि त्यांना एखादं उत्तर द्यायचं नसेल, तर तो प्रश्न सोडून द्या.

तुमची,
बाई