उत्तर कारणासह हवे: नंदुरबार जिल्ह्यातील मुस्लिम स्त्री-पुरुष सभासदांचे मागणीपत्र

प्रति,
नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांतील मशीद-जमातींचे विश्वस्त, मदरशांचे मोहतमीम, काझी आणि मुफ्ती साहेबान.
माहितीसाठी व एका मागणीवरील कार्यवाहीसाठी: जिल्हा शल्यचिकित्सक, नंदुरबार.

विषय: धर्म आणि आजचे जगणे यांतून उभ्या राहणाऱ्या प्रश्नांना लेखी, सकारण आणि मुदतीत उत्तर मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही या जिल्ह्यातले शिक्षक, नर्स, मिरचीचे व्यापारी, मिरची वाळवण्याच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या स्त्रिया, रिक्षाचालक आणि निवृत्त कर्मचारी आहोत. जमातीची वर्गणी आम्ही भरतो, जकात काढतो, मदरशाची पावती फाडतो. आमची मुले आपल्याकडेच अरबी मुळाक्षरांचा कायदा आणि कुरआन शिकली. हे मागणे घरातले आहे आणि घरातल्यांनीच ते लिहिले आहे.

तक्रार एकच, तिची रूपे अनेक. आजारपण, बाळंतपण, कर्ज, तलाक, मयत यांतला एखादा नवा पेच पडला की आम्ही आपल्या दारी येतो. उत्तर बहुधा एका शब्दाचे मिळते, जायज किंवा नाजायज. तेही तोंडी, अनेकदा फोनवर. का, असे विचारले तर विचारणाऱ्याच्या इमानावर बोट ठेवले जाते. एकाच प्रश्नाला दोन मशिदींत दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही तोंडी असल्यामुळे ताडून पाहता येत नाहीत.

कारण मागण्याचा हक्क आम्हाला परंपरेनेच दिला आहे. शरियतचा हेतू पाच गोष्टी जपण्याचा आहे, असे इमाम गझालींनी मांडले: दीन, जीव, अक्कल, वंश आणि माल. अक्कल त्या पाचांत आहे. जी गोष्ट जपायला धर्म सांगतो ती वापरली म्हणून कोणाला रागावता येणार नाही. इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य अबू युसूफ व मुहम्मद यांच्यात अनेक मसल्यांवर मतभेद होते. हनफी ग्रंथांनी ते लपवले नाहीत. तिघांची मते तिघांच्या नावांनिशी जपून ठेवली. हजार वर्षांपूर्वी जे कागदावर मावत होते ते आजही मावेल.

आपल्याच देशातला, आपल्याच हनफी परंपरेतला दाखला आहे. हनफी मतानुसार नवरा बेपत्ता असलेल्या किंवा छळ होत असलेल्या स्त्रीला सुटकेची वाट जवळपास नव्हती आणि त्या कोंडीतून काही स्त्रिया धर्म सोडू लागल्या होत्या. मौलाना अशरफ अली थानवींनी हा प्रश्न हातात घेतला, हिजाजमधल्या मालिकी आलिमांकडून लेखी मते मागवली आणि १९३१ साली ‘अल-हीलतुन नाजिजा’ लिहून मालिकी मताचा आधार खुला केला. पुढे १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला, त्यामागे हा ग्रंथ होता. थानवी साहेब परंपरेच्या बाहेरचे होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी प्रश्न ऐकला, दुसऱ्या मजहबाकडे, म्हणजे दुसऱ्या विधिपरंपरेकडे विचारणा केली आणि कारण लिहून दिले. आम्हीही आपल्याकडून तेवढेच मागतो.

पहिली मागणी अशी. कोणत्याही सभासदाने, पुरुषाने वा स्त्रीने, लेखी प्रश्न दिला तर त्याची तारखेसह पोच मिळावी. साध्या प्रश्नाचे उत्तर १५ दिवसांत, वैद्यकीय प्रश्नाचे ७ दिवसांत आणि रुग्ण अतिदक्षता विभागात असेल तर २४ तासांत मिळावे. उत्तर मराठीत असावे. उर्दू प्रत सोबत जोडायला हरकत नाही. त्यात आधार, कारण आणि वेगळे मत असल्यास तेही लिहावे, आणि खाली उत्तर देणाऱ्याचे नाव व सही असावी. मराठीचा आग्रह भावनेपोटी नाही. आमची बहुतेक मुले मराठी शाळांत शिकतात, दवाखान्याचा कागद आणि कोर्टाची नोटीस त्यांच्याच हाती पडते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी ही मुसलमानांची भाषा आहे की नाही, हा वाद तेव्हाच संपला.

सर्वांत निकडीचा प्रश्न सिकलसेलचा आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो आदिवासींचा म्हणून बाजूला सारता येत नाही; खानदेशातले तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत मोडतात आणि मुसलमानही आहेत. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ ला केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आता तपासणीचे कार्ड घरात येते आणि त्याच्या पाठोपाठ गर्भ ठेवायचा की नाही, हा प्रश्न येतो.

कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठराविक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. शरियतचा काटा १२० दिवसांवर आहे, कारण त्यानंतर गर्भात रूह फुंकली जाते अशी हदीसवर आधारलेली धारणा आहे. मक्केच्या राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने १९९० मध्ये, गर्भात गंभीर आणि उपचार नसलेला दोष असल्याचे विश्वासू डॉक्टरांच्या समितीने सांगितले आणि आईबापांची मागणी असेल, तर १२० दिवसांच्या आत परवानगी दिली. शिया परंपरेतल्या इराणने २००५ च्या कायद्यात तीन तज्ज्ञांच्या दाखल्याची अट घालून असाच मार्ग काढला. सिकलसेल त्या ‘गंभीर’ शब्दात बसतो का, यावर मतभेद होऊ शकतात. ते व्हावेत, पण आमच्यासमोर आणि कागदावर व्हावेत.

खरी गाठ मोजणीत आहे. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे गर्भ राहण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून. १२० दिवस म्हणजे १७ आठवडे आणि १ दिवस. हे दिवस गर्भ राहिल्यापासून धरले तर डॉक्टरच्या कागदावर १९ आठवडे उलटलेले दिसतात, पाळीपासून धरले तर १७ च. गर्भाला आजार आहे का हे सांगणारी वारेच्या पेशींची तपासणी १० ते १३ आठवड्यांत होते, गर्भजलाची १५ आठवड्यांनंतर, आणि रिपोर्टला वेळ लागतो तो वेगळाच. अशा वेळी मधल्या दोन आठवड्यांवर सगळे ठरते.

आमच्या एका सभासद भगिनीने सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन तीन दारे गाठली. पहिल्या ठिकाणी ऐकायला मिळाले, “चार महिने झाले, आता काही नाही.” कागदावर १७ आठवडे ३ दिवस लिहिले होते. दुसऱ्या ठिकाणी मोठ्या आलिमांना विचारून सांगतो म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी नवऱ्याला पाठवायला सांगितले; नवरा सुरतेला लूमवर. पक्के उत्तर आले तेव्हा २१ वा आठवडा चालू होता. तिने काय करायला हवे होते, हे आम्ही सांगत नाही. उत्तर ‘नाही’ असते तरी तिने मानले असते, ती मानणारीच बाई आहे. पण उत्तर वेळेत मिळण्याचा तिचा हक्क होता. घडीवर फाटलेला तो कागद तिने चिकटपट्टीने जोडून अजून पेटीत ठेवला आहे.

म्हणून तीन गोष्टी मागतो. मुफ्ती साहेबांनी १२० दिवस कुठून मोजायचे ते एकदा एकत्र बसून ठरवावे, लिहून काढावे आणि प्रत्येक मशिदीत लावावे. बाईने स्वतः आणलेला प्रश्न तिच्याकडूनच घ्यावा. नवरा किंवा भाऊ सोबत असण्याची अट नसावी. आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी, रुग्णाने मागितल्यास, दोन्ही मोजण्या लिहिलेली एक पानाची मराठी टीप द्यावी. या शेवटच्या मागणीला छापील नमुना पुरेसा आहे, वेगळा निधी लागत नाही.

निकाहापूर्वीच्या तपासणीबाबत एवढेच की, तारीख पक्की होण्याआधी काझींनी दोन्ही घरांना तपासणी झाली का, असे खाजगीत विचारावे. निकाल रजिस्टरात लिहू नये. वाहक निघालेल्या मुलीची बदनामी झाली तर तपासणीला पुढे कोणी जाणार नाही.

अवयवदानाबाबत १९९४ चा कायदा आहे. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने मेंदूमृत्यूवर १९८६ मध्ये आणि अवयवरोपणावर १९८८ मध्ये ठराव केले. अटी घालून रोपणाला मान्यता दिली. उपखंडातल्या काही नामवंत मुफ्तींनी विरोधही केला आहे. दोन्ही बाजू आम्हाला ठाऊक आहेत. नेत्रपटल मृत्यूनंतर साधारण ६ तासांत काढावे लागते आणि दफनही लवकर करायचे असते, त्यामुळे हा प्रश्न मयतीच्या घरात सुटणार नाही. तो आधी सोडवून ठेवावा. सहा महिन्यांच्या आत दोन्ही मते, त्यांच्या अटी आणि कारणे मराठीत छापून द्यावीत. निर्णय घर घेईल.

व्याजाचा प्रश्न आमच्या स्त्री सभासदांना रोज टोचतो. नंदुरबारच्या मिरची पथारीवर दिवसभर देठ खुडून बोटांची आग होते. ती रात्री पाण्यात हात बुडवूनही जात नाही. त्या मजुरीतून या बाया बचत गट चालवतात. गटातले कर्ज महिना २ टक्क्यांनी असते आणि ते व्याज गटातच राहते, वर्षाअखेर त्यांच्यातच वाटले जाते. त्यांना सांगण्यात आले, हे हराम, गट सोडा. सोडला तर पुढे काय? सावकार महिना ५ टक्के घेतो. गटातले हे व्याज ‘रिबा’, म्हणजे शरियतने मनाई केलेले व्याज, ठरते का आणि का, हे लिहून द्यावे. ठरत असेल, तर जमातीने जकात व सदक्याखेरीजच्या निधीतून करजे-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्जाची पेटी प्रत्येक तालुक्यात सुरू करावी; कर्जाची मर्यादा १०,००० रुपये, परतफेड १० हप्त्यांत, हिशोब दर तीन महिन्यांनी भिंतीवर. जो एक दार बंद करतो त्याने दुसरे दाखवायला हवे, अशी आमची समजूत आहे आणि ती आम्ही आपल्याच खुतब्यांतून शिकलो.

तलाकवर लांबण लावत नाही, कारण इथे कायदा स्पष्ट आहे. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात सांगितले की तलाकला सबळ कारण आणि आधी समेटाचा प्रयत्न हवा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. कुरआनच्या चौथ्या सुऱ्यात दोन्ही घरांकडून एकेक पंच नेमायला सांगितले आहे, ते तर या सर्वांच्या आधीचे. तरीही व्हॉट्सअॅपवरच्या मजकुरावर “आता बोलणे संपले” असे तोंडी सांगितले जाते. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर गेल्या होत्या. दलवाईंची वाट आमच्यातल्या अनेकांची नाही. त्या सात जणींचा प्रश्न मात्र आमच्या सर्वांचा आहे. मागणी: पंचांच्या किमान दोन बैठका आणि त्यांची स्त्रीच्या सहीसह नोंद असल्याशिवाय जमातीने कोणत्याही तलाकाला दुजोरा देऊ नये.

ही उत्तरे देणार कोण? जिल्ह्यासाठी सात जणांचे मंडळ असावे: तीन आलिम, एक डॉक्टर, एक वकील आणि दोन स्त्रिया. त्या दोघींपैकी एक दीनी शिक्षण घेतलेली असावी. बैठक महिन्यातून एकदा, तालुक्यांत आळीपाळीने. तातडीच्या कामात आपसांतली चर्चा फोनवर, उत्तर मात्र लेखीच. हे अशक्य नाही. अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमची स्थापना १९७९ ची. तिथे धर्मशिक्षणाला जोडून फार्मसी आणि युनानी वैद्यकाचेही शिक्षण दिले जाते. आलिम आणि औषधशास्त्राचा शिक्षक एकाच गावात राहतात, त्यांनी एका टेबलाशी बसायचे आहे, एवढेच. मदरशांतल्या वरच्या वर्गांनाही महिन्यातून एक तास डॉक्टर किंवा वकील यांनी शिकवावे, म्हणजे उद्याच्या मुफ्तींना सोनोग्राफीचा कागद वाचता येईल.

आणखी एक अट आहे, आणि ती आम्ही सोडणार नाही. ७ जुलै २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने विश्व लोचन मदन प्रकरणात स्पष्ट केले की फतवा हे मत आहे, तो कोणावर लादता येत नाही. हे वाक्य प्रत्येक उत्तराच्या तळाशी छापावे. मत न पाळणाऱ्याच्या घरच्या निकाहाला, मयतीला, दावतीला कोणी अडथळा आणला तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, आणि आम्ही त्या सभासदाच्या बाजूने उभे राहू.

मंडळ नेमण्यासाठी आजपासून ६० दिवसांची मुदत आम्ही धरली आहे. त्या मुदतीत काही झाले नाही, तर प्रत्येक जमातीच्या वार्षिक सभेत हिशोबासोबत हे पत्र मांडून सभासदांचे मत नोंदवून घेऊ आणि आमचे प्रश्न दिल्लीच्या इस्लामिक फिकह अकादमीकडे पाठवून उत्तरे स्वखर्चाने मराठीत वाटू. वर्गणी मात्र चालूच राहील. मशीद आमची आहे.

पहिला प्रश्न या पत्राला जोडला आहे. तो एका सभासद स्त्रीने स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे. तिचे आणि तिच्या नवऱ्याचे अशी दोन्ही कार्डे सोबत आहेत. या प्रश्नासाठी ६० दिवसांची मुदत लागू नाही. डॉक्टरांच्या मोजणीने तिला ११ वा आठवडा चालू आहे, आणि पुढच्या जुम्म्यापर्यंत आम्ही उत्तराची वाट पाहू.

सहा तालुक्यांतील सभासदांच्या वतीने